मुक्तांगण आणि स्त्रिया : येरवडा ते खानदेश

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले. उद्घाटन पु. ल. देशपांडे यांच्या हस्ते झाले. जागा सरकारी रुग्णालयाची होती, सुरुवातीचा एक लाख रुपयांचा निधी पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिला होता आणि उपचाराची सगळी जबाबदारी डॉ. सुनंदा ऊर्फ अनिता अवचट यांनी घेतली होती. त्या याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. रुग्ण म्हणून पुढची कित्येक वर्षे जवळजवळ पुरुषच आले. बाईने उभारलेल्या या केंद्रात बाईसाठी खाट मिळायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. संस्थेचा इतिहास लिहिताना हा उलटा क्रम समजून घ्यावा लागतो, कारण खानदेशासारख्या दूरच्या भागातील स्त्रियांचे आजचे प्रश्न त्याच्याशी जोडलेले आहेत.

केंद्राची सुरुवात एका लेखमालेतून झाली. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे गर्द, झपाट्याने पसरली. झोपडपट्टीपासून महाविद्यालयांच्या वसतिगृहांपर्यंत तरुण मुले तिच्या विळख्यात सापडली. डॉ. अनितांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये फिरून, त्यांच्या घरच्यांशी बोलून वृत्तपत्रात ‘गर्द’ ही लेखमाला लिहिली. तिचे पुढे पुस्तक झाले. ती वाचून अस्वस्थ झालेल्या देशपांडे दांपत्याने विचारले, या मुलांसाठी काही करता येईल का, आणि पैशाची तयारी दाखवली. अवचट स्वतः डॉक्टर असले तरी वैद्यकी सोडून लेखनात रमलेले होते. रोजचा दवाखाना चालवणे हा त्यांचा पिंड नव्हता. ते काम पत्नीने उचलले. त्याच सुमारास त्यांना कर्करोग झालेला होता. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि वॉर्डाची फेरी असा दहा वर्षांचा क्रम त्यांनी सांभाळला. रुग्ण त्यांना ‘मॅडम’ म्हणत आणि अनिल अवचटांना ‘बाबा’.

त्या काळात व्यसनावरचा उपचार म्हणजे रुग्णालयात दाखल करून अंगातला अमली पदार्थ उतरवणे एवढाच होता. गर्द बंद झाली की पहिले काही दिवस हाडे दुखतात, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, झोप लागत नाही, पोटात कळा येतात. गर्दुल्ल्यांच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात. टर्की उतरली की रुग्ण बरा दिसतो. घरी जातो आणि आठवड्याभरात पुन्हा त्याच अड्ड्यावर उभा राहतो. मुक्तांगणात पाच आठवड्यांचा, म्हणजे ३५ दिवसांचा मुक्काम ठरला तो यामुळे. पहिला आठवडा शरीरासाठी आणि पुढचे चार मनासाठी. योगासने, श्रमदान, गटचर्चा, वैयक्तिक समुपदेशन, कुटुंबीयांशी भेट आणि ‘फक्त आजचा दिवस’ हे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यपींच्या स्वमदत संघटनेच्या परंपरेतले सूत्र, असा दिनक्रम बसला. बरे झालेले रुग्ण समुपदेशक म्हणून कामाला लागले. पांढरपेशा डॉक्टरने ‘दारू सोडा’ म्हणणे आणि दहा वर्षे फुटपाथवर काढलेल्या माणसाने ‘मी सोडली’ म्हणणे, यांतला फरक संस्थेला फार लवकर कळला. मारहाण नाही, कोंडून ठेवणे नाही, रुग्ण स्वतःच्या इच्छेने आला पाहिजे, हे दंडक पहिल्यापासून होते. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसांना साखळदंडात ठेवणाऱ्या जागा तेव्हाही होत्या आणि नंतरही निघाल्या, हे ध्यानात घेतले तर या दंडकांचे वजन कळते.

काही वर्षांत गर्दुल्ल्यांपेक्षा दारूचे रुग्ण जास्त झाले आणि तेच प्रमाण पुढे टिकले. दारूच्या रुग्णाबरोबर दाराशी येते ती त्याची बायको. दाखल करताना माहिती तीच सांगते: किती वर्षे पितो, पगाराचे काय करतो, हात उगारतो का, मुले शाळेत जातात का. डॉ. अनिता अवचटांनी हे पाहिले की नवरा आत पस्तीस दिवस बरा होत असताना बाहेर ही बाई तशीच राहते. तिला झोप नाही, डोके दुखते, छातीत धडधडते, रागाने मुलांना मारते आणि त्याबद्दल रडते. ही लक्षणे तिच्या स्वतःच्या आजाराची आहेत, हे तिला कोणी सांगितलेले नसते. सहचरी गट हे त्यावरचे उत्तर होते. व्यसनी माणसांच्या बायका ठरल्या वेळी एकत्र बसतात, बोलतात आणि ऐकतात. अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सोबतीने १९५१ मध्ये अल-ॲनॉन ही कुटुंबीयांची संघटना निघाली. तिच्यातला मूळ विचार हाच आहे. सहचरी गटात मात्र मराठी घरातले प्रश्न येतात. सासू म्हणते, ‘तुझ्यामुळे पितो.’ माहेर म्हणते, ‘सहन कर.’ नवऱ्याने सोडल्यावरही त्याचे खिसे तपासायची सवय सुटत नाही, आणि तो संध्याकाळी वेळेवर घरी आला तरी दार उघडताना आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला जातो. हे बोलायला जी जागा लागते ती आधी कुठे नव्हती.

सहचरी गटाला संस्थेच्या इतिहासात सहसा पूरक उपक्रम म्हणून एक परिच्छेद मिळतो. त्याचे स्थान त्याहून मोठे आहे. मुक्तांगणात स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर झालेले पहिले सलग काम हेच होते आणि ते बाह्यरुग्ण पद्धतीने झाले. बाई घरात राहते, स्वयंपाक करते, कामाला जाते आणि ठरल्या दिवशी येऊन बसते. स्त्रियांना कोणत्या पद्धतीचा उपचार घेता येतो, याचा धडा संस्थेला या गटाने स्त्री-वॉर्ड निघण्याच्या बऱ्याच आधी दिलेला होता.

डॉ. अनिता अवचट यांचे १० फेब्रुवारी १९९७ रोजी निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी फेब्रुवारीत संघर्ष सन्मान पुरस्कार दिले जातात. कामाची धुरा पुढे त्यांची कन्या, मानसशास्त्रज्ञ मुक्ता पुणतांबेकर यांच्याकडे आली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे संस्थापक डॉ. आनंद नाडकर्णी हे सुरुवातीपासून मार्गदर्शक म्हणून सोबत राहिले. केंद्र मनोरुग्णालयाच्या आवारातून आळंदी रस्त्यावर मोहनवाडीत स्वतःच्या इमारतीत गेले. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने पश्चिम भारतातील व्यसनमुक्ती केंद्रांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याचे कामही या संस्थेकडे सोपवले. त्यामुळे जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांतल्या लहान केंद्रांचे कार्यकर्ते आणि येरवडा यांच्यात प्रशिक्षणाचा दुवा तयार झाला.

या सगळ्यात व्यसनी स्त्री कुठे होती? आकड्यांत ती फार थोडी दिसते. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. १० ते ७५ या वयोगटात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के निघाले. एका पिणाऱ्या स्त्रीमागे सतरा पुरुष. पण असे सर्वेक्षण घरी येऊन विचारते आणि पदराआड पिणारी बाई अनोळखी माणसाला ‘हो’ म्हणेल, ही अपेक्षा जरा भाबडी आहे. त्याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. हा सरासरीचा हिशेब झाला. बाईच्या बाबतीत नवऱ्याची परवानगी, मुलांची सोय, सोबतीला येणारे माणूस आणि ‘बाई असून पिते’ हे चार तोंडांनी बोलणे इतके अडथळे वाढतात.

स्त्रीच्या शरीरातही व्यसनाची चाल वेगळी असते. तेवढ्याच वजनाच्या पुरुषापेक्षा बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असते आणि जठरात दारू मोडणारे विकरही कमी असते. त्यामुळे सारख्याच घोटांनी तिच्या रक्तात दारू जास्त चढते. पहिल्या घोटापासून पक्क्या व्यसनापर्यंतचा रस्ता ती कमी वर्षांत कापते आणि यकृतही लवकर बिघडते. मनाच्या अंगानेही क्रम उलटा सापडतो. पुष्कळ पुरुषांत व्यसन आधी आणि नैराश्य मागाहून येते. स्त्रियांत अनेकदा नैराश्य, भीती, मारहाणीच्या किंवा लहानपणच्या अत्याचाराच्या आठवणी आधी असतात आणि दारू किंवा गोळी हा त्यावरचा घरगुती इलाज असतो. झोपेच्या गोळीची गोष्ट नेहमीची आहे. बाळंतपणानंतर किंवा घरात मृत्यू झाल्यावर डॉक्टर पंधरा दिवसांसाठी गोळी लिहून देतात. चिठ्ठी जपून ठेवली जाते, मेडिकलवाला ओळखीचा असतो आणि पाच वर्षांनी एका गोळीच्या जागी चार लागतात. घरात कुणालाही हे व्यसन वाटत नाही, कारण तोंडाला वास येत नाही.

मुक्तांगणात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. पुरुषांच्या गटात एक-दोन स्त्रिया बसवून भागत नाही, हे तोवर जगभर मान्य झाले होते. अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक यांनी सत्तरच्या दशकातच फक्त स्त्रियांसाठी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ ही चळवळ सुरू केली होती. त्यांचे म्हणणे असे की, अहंकार मोडून शरण जाणे हे पिणाऱ्या पुरुषाला लागू पडत असेल. ज्या बाईचा आत्मसन्मान आधीच मातीत गेला आहे, तिला आणखी नमायला सांगून काय मिळणार? भारतात चेन्नईला शांती रंगनाथन यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन उभारले. तिथेही एका स्त्रीनेच पुढाकार घेतला होता आणि रुग्ण मुख्यतः पुरुष होते. येरवड्याची कहाणी तिच्याशी जुळणारी आहे. निशिगंधमध्ये गटचर्चेचे विषय बदलले. पुरुषांच्या गटात नोकरी, कर्ज, मित्रमंडळी यांवर बोलणे होते. इथे मुलांपासून दूर राहिल्याचा अपराधीपणा, नवऱ्यानेच पहिला ग्लास हातात दिल्याची गोष्ट, शरीराविषयीची लाज आणि घरी परत घेतील की नाही ही धास्ती हे विषय येतात. पुरुष रुग्णाला भेटायला बायको येते. स्त्री रुग्णाला भेटायला नवरा येईलच असे नाही. आई किंवा बहीण येते, कधी कुणीच येत नाही.

तरीही पस्तीस दिवसांची अडचण उरलीच. घरातली बाई पाच आठवडे नाहीशी झाली की गावात चर्चा होते, मुलांच्या डब्याचे हाल होतात, मजुरी बुडते. जगात याला मिळालेले उत्तर म्हणजे सघन बाह्यरुग्ण उपचार. रुग्ण रात्री घरी झोपते आणि आठवड्यातून ठरावीक दिवस दवाखान्यात येऊन सलग काही तास उपचार घेते. अमेरिकेतील व्यसनवैद्यक संघटनेच्या निकषांनुसार प्रौढांसाठी असा कार्यक्रम आठवड्याला नऊ ते एकोणीस तासांचा असतो. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला तीन तास. या तीन तासांत सगळ्यांचा एक गट, वैयक्तिक समुपदेशन, औषधांचा आढावा आणि आठवड्यातून एकदा घरच्या माणसाबरोबर बसणे हे बसवतात. नैराश्य आणि व्यसन यांवर एकाच ठिकाणी, एकाच वेळी उपचार होतात. ‘आधी दारू सोडा, मग डिप्रेशनचे बघू’ हा जुना शिरस्ता स्त्रियांच्या बाबतीत विशेष घातक ठरला आहे, कारण दारू सुटली की दाबलेली दुखणी वर येतात आणि नेमक्या त्या घडीला आधार नसतो.

बाह्यरुग्ण पद्धतीला मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. रोज सकाळी उठताच दारू लागणारी किंवा वर्षानुवर्षे झोपेच्या गोळ्यांच्या मोठ्या मात्रा घेणारी बाई घरी बसून एकदम व्यसन थांबवू शकत नाही. दारू तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. अशा रुग्णाला सुरुवातीला दाखल करून, थायमिन देऊन, गोळ्यांची मात्रा हळूहळू उतरवावी लागते. हा टप्पा संपला की पुढचे काम घरी राहून करता येते. म्हणजे पस्तीस दिवसांऐवजी आठ-दहा दिवस वॉर्डात आणि नंतर काही महिने आठवड्यातून तीनदा येणे, अशी विभागणी अनेक स्त्रियांना झेपते. मुक्तांगणच्या पाठपुराव्याच्या सभा याच दिशेने जातात. उपचारानंतर रुग्ण आणि घरचे लोक ठरल्या दिवशी जमतात. प्रत्येक जण उभा राहून नाव सांगतो आणि किती दिवस, महिने किंवा वर्षे व्यसनमुक्त आहे ते सांगतो. वर्ष पुरे झालेल्याचा वाढदिवस होतो, टाळ्या पडतात, आणि शेजारी बसलेली बायको बऱ्याचदा रुग्णाहून जास्त रडते. मात्र या सभा पाठपुराव्यासाठी आहेत. आठवड्याला नऊ तासांचा उपचार त्यातून मिळत नाही.

घर सोडून उपचाराला जाण्याची ही अडचण खानदेशातील स्त्रीला दुप्पट भोगावी लागते. जळगावहून पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस जळगावहून मनमाडमार्गे पुण्याला जाते. धुळ्याहून रेल्वेने जायचे तर आधी चाळीसगावला येऊन गाडी बदलावी लागते. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या बाईचा तर धुळ्याला पोहोचतानाच दिवस जातो. पुण्याला एकदा दाखल होणे कसेबसे जमते. दर आठवड्याच्या सभेला पुण्याला जाणे खानदेशातून कुणाला शक्य नाही.

दारूविरुद्ध उभे राहण्यात इथल्या स्त्रिया मागे नव्हत्या. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते; नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. अंबरसिंग सुरतवंती आणि सहकाऱ्यांचा लढा मूळ जमीन, मजुरी आणि सालदारांच्या हक्कांचा होता. त्यात भिल्ल आदिवासी बायका मोठ्या संख्येने होत्या आणि शिबिरांत त्यांनी प्रश्न मांडला तो नवऱ्याच्या मारहाणीचा. मजुरी वाढली तरी ती भट्टीवर जाते, मग आमच्या हातात काय येते, असा त्यांचा सवाल होता. १९७२-७३ च्या सुमारास या बायकांनी गावोगाव जाऊन दारूचे मटके फोडले आणि पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. भारतातील स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याचा उल्लेख सन्मानाने होतो. पुढे राज्यात गावच्या स्त्री मतदारांनी मतदान करून दारूचे दुकान बंद पाडण्याची ‘आडवी बाटली’ची सोय आली, तिच्यामागेही अशाच आंदोलनांचा रेटा होता. या सगळ्यात बाई ही दारूची बळी आणि दारूची शत्रू आहे. बाई स्वतः पीत असेल, तंबाखू लावत असेल, गोळ्या घेत असेल, ही शक्यता चळवळीच्या भाषेत बसत नव्हती. सातपुड्यातल्या पावरा आणि भिल्ल समाजात मोहाची दारू देवाला, लग्नाला आणि पाहुण्याला लागते, आणि ती बायकाही घेतात. तिथे सणाची दारू आणि व्यसनाची दारू यांतली रेषा बाहेरून आलेल्या समुपदेशकाला लवकर दिसत नाही.

खानदेशातल्या बाईचे सर्वांत पसरलेले व्यसन मात्र दारू नाही. ते मिसरी आहे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, छोट्या डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना घासायची. दात दुखायचे थांबतात म्हणून लावलेली मिसरी पुढे शौचाला होत नाही म्हणून लागते, मग निंदणीच्या मधल्या सुट्टीत लागते, मग भुकेच्या वेळी. लेकीला ती आईकडून येते. मुंबईत १२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास करून २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले, त्यांत मुख्यतः मिसरीच्या रूपात तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. मिसरी सोडवायला कुणी पस्तीस दिवस दाखल करत नाही. तिला आशा कार्यकर्ती, गरोदरपणाची तपासणी आणि गावातला गट यांचीच साथ लागते. बाह्यरुग्ण उपचाराचे हे अगदी स्वाभाविक क्षेत्र असून व्यसनमुक्तीच्या चर्चेत ते कायम तळाला राहते.

उपचाराच्या जागा आता जवळ आल्या आहेत. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्यातला जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता असावा, ही त्याची कल्पना आहे. मुक्तांगणसारख्या संस्थेचा अनुभव आणि सरकारी रुग्णालयाची इमारत एकत्र आली की काय होते, याचे उदाहरण १९८६ मध्ये येरवड्यातच घडले होते. २,५४० खाटांच्या त्या अवाढव्य मनोरुग्णालयातला एक कोपरा तेव्हा पुरला होता. धुळे किंवा जळगावात आठवड्यातून तीन दुपारी एक खोली, एक स्त्री समुपदेशक आणि बसायला सतरंजी मिळाली तरी स्त्रियांचा गट चालू शकतो. चोपड्याहून किंवा शिरपूरहून येणाऱ्या बाईचा खर्च मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटाने हलका झाला आहे. वेळ मात्र शेतीच्या हंगामाशी जुळवावी लागेल. कापूस वेचणीच्या दिवसांत किलोवर मजुरी मिळत असताना आठवड्यातून तीन दिवस शेत सोडून येणे परवडत नाही आणि नेमक्या त्याच दिवसांत गट फुटतो. गटाची वेळ संध्याकाळी ठेवली तर परतीची एसटी चुकते. या साध्या अडचणींवर तोडगा निघाला नाही, तर उत्तम उपचारपद्धतीही कागदावर राहते.

कायद्यानेही चित्र थोडे बदलले आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत. त्यामुळे रुग्ण दाखल करून घेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांनाही नोंदणीचे आणि रुग्णहक्कांचे नियम लागू होतात. साखळी बांधणे या कायद्याने निषिद्ध आहे. स्त्रियांच्या दृष्टीने त्यातली एक तरतूद फारशी माहीत नसते: दाखल झालेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळे करता येत नाही, वेगळे करावेच लागले तर कारण नोंदवावे लागते आणि ठरावीक मुदतीने त्या निर्णयाचा फेरविचार करावा लागतो. ‘बाळाला कुठे ठेवू’ म्हणून उपचार टाळणाऱ्या आईला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

२०२० च्या टाळेबंदीत जगभरच्या स्वमदत गटांच्या सभा मोबाइलच्या पडद्यावर आल्या. दूरच्या गावातल्या स्त्रियांना यातून एक दार उघडले. पण घरात एकच फोन असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो. सासूसमोर बसून ‘मला प्यावीशी वाटते’ असे बाई बोलू शकत नाही. म्हणून पडद्यावरची सभा जवळच्या गटाला पूरक ठरते, पण त्या गटाची जागा घेऊ शकत नाही.

अनिल अवचट यांचे २७ जानेवारी २०२२ रोजी निधन झाले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला केंद्र सरकारने टेली-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून तिथे चोवीस तास विनाशुल्क आणि मराठीतही बोलता येते. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. खानदेशातील जी स्त्री पुण्याला जाऊ शकत नाही, तिची पहिली विचारपूस या दोन क्रमांकांवर होऊ शकते. तिथून तिला जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात पाठवता येते. दाखल होण्याची गरज असेल तर येरवड्याला निशिगंधमध्ये जाण्याचा पर्याय आहे. तिथून परतताना तिच्याजवळ औषधांची यादी, मात्रा कशी उतरवायची याची नोंद आणि गावाजवळच्या रुग्णालयाच्या नावाची चिठ्ठी असली की पुढच्या तपासण्या जळगाव-धुळ्यातच होऊ शकतात.